गाडी आपली, पण भाडं कोण ठरवतं?



गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला आणि चहा यायच्या आत एका मावशींनी पिशवीतून कागदांची गुंडाळी बाहेर काढली. त्यांचा मुलगा मुंबईला असतो. इतके दिवस दुसऱ्याची गाडी चालवत होता, आता स्वतःची घेऊन ॲपवर लावायची म्हणतो. फायनान्सवाल्यांनी आईचीही सही मागितली आहे, सहकर्जदार म्हणून. आणि सुरुवातीला जी रक्कम भरायची, तिच्यासाठी मावशींना गटाकडून कर्ज हवं होतं.

बायकांनी विचारायचं ते सगळं विचारलं. हप्ता किती, किती वर्षं, मुलाला काही नाद नाही ना, आणि महिन्याला सुटतात किती. एक प्रश्न मात्र कुणीच विचारला नाही, आम्हीही नाही. गाडी एक किलोमीटर चालली की किती पैसे मिळणार, आणि तो आकडा ठरवतं कोण? घरी आल्यावर हाच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. म्हणून आज त्यावरच बोलू.

आपल्या वडापचं बघा. तालुक्याला जायचे माणशी किती, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. जीपवाल्याने पाच रुपये जास्त मागितले तर आख्खी गाडी त्याच्यावर तुटून पडते. पण शहरात रात्री अकराला एस. टी.तून उतरलेली बाई, एका हातात बोचकं, दुसऱ्या हाताला आजारी सासू, तिने कुणाशी घासाघीस करायची? रस्ता माहीत नाही, अंतर माहीत नाही. अशा माणसाची अडवणूक होऊ नये म्हणून शहरांनी मीटर आणला. भाडं चालकाने ठरवायचं नाही आणि प्रवाशानेही नाही, ते सरकारने ठरवायचं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ६७ व्या कलमाने राज्य सरकारला हा अधिकार दिला आहे.

मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी याच पद्धतीवर चालते. (आपल्यातल्या काहीजणींकडे काळी-पिवळी म्हणजे जीप. आज आपण मुंबईच्या टॅक्सीबद्दल बोलतोय.) तिचं भाडं मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण ठरवतं. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळात त्यावर पाव पट जास्त. हे आकडे हवेतून येत नाहीत. गाडीची किंमत, इंधन, दुरुस्ती, विमा, चालकाच्या घरखर्चातली महागाई, हे धरून हिशेब मांडायची रीत आधी हकीम समितीने घालून दिली, नंतर खटुआ समितीने पुन्हा तपासली. हिशेब सगळ्यांसमोर असतो, पटला नाही तर भांडता येतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. याच्या आधीची भाडेवाढ झाली होती ऑक्टोबर २०२२ मध्ये. मधल्या सव्वादोन वर्षांत सीएनजी महागला की तो भार टॅक्सीवाल्याने सोसायचा आणि सरकारच्या बैठकीची वाट बघायची. शिवाय टॅक्सी चालवायला परवाना लागतो, चालकाला बिल्ला लागतो, गाडीचं वय ठरलेलं असतं. मुंबईत २० वर्षांपेक्षा जुनी टॅक्सी चालत नाही. त्या जुन्या पद्मिनी टॅक्सी याच नियमाने ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी रस्त्यावरून गेल्या. शेवटची पद्मिनी निघाली तेव्हा शहरातल्या लोकांनी फार हळहळ केली. मागच्या सीटवर गुडघे आपटून बसलेल्या आमच्यासारख्यांनी जरा कमी.

आणि काळी-पिवळीचे लोक फार धुतल्या तांदळाचे होते असंही नाही. जवळचं भाडं नको, त्या बाजूला येत नाही, मीटर बिघडलाय, हे ज्यांनी ऐकलं त्यांनाच ॲप आलं तेव्हाचा आनंद माहीत. फोनवर बोट ठेवलं की गाडी दारात. चालकाचं नाव, गाडीचा नंबर, पैसे किती होणार, सगळं आधीच समोर. गाडी कुठे पोचली ते घरच्यांना फोनवर बघता येतं. एकट्या बाईला याचं मोल किती आहे हे वेगळं सांगायला नको. पण फोनवर नाव दिसलं म्हणजे त्या माणसाची चौकशी झालेली असते असं समजू नका. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीत चालकाने एका तरुणीवर बलात्कार केला. पोलिसांकडून त्याची नीट पडताळणी झालेलीच नव्हती. दिल्ली सरकारने तेव्हा त्या सेवेवर बंदी घातली, आणि ॲपच्या गाड्यांना नियम कोणते लावायचे हा प्रश्न देशभर ऐरणीवर आला.

नियम का नव्हते? कारण ॲपवाल्या कंपन्या म्हणत, आम्ही टॅक्सीचा धंदा करतच नाही. गाडी चालकाची, प्रवासी प्रवाशाच्या मर्जीचा, आम्ही फक्त दोघांची गाठ घालून देतो. त्यांच्या गाड्या पर्यटक परवान्यावर चालत, आणि त्या परवान्याला ना शहराचा मीटर, ना ठरलेलं भाडं. रस्ता तोच, प्रवासी तोच. एकाला सरकारचा दर, दुसऱ्याला मोकळं रान. काळी-पिवळीवाल्यांचा राग तिथून सुरू झाला आणि आमच्या मते तो रास्त होता.

ॲपवर भाडं कसं ठरतं? तुम्ही डेअरीला दूध घालता. दूध आपलं, म्हैस आपली, पण फॅट मोजणारं यंत्र डेअरीचं. तरी तिथे निदान यंत्र डोळ्यांसमोर असतं, आकडा लागलेला दिसतो, पावती मिळते. ॲपमधलं यंत्र कुणालाच दिसत नाही. पाऊस आला, गाड्या कमी पडल्या की भाडं आपोआप चढतं. गाड्या उभ्या राहिल्या की उतरतं. प्रवाशाने दिलेल्या पैशातून कंपनी आपला वाटा कापून घेते आणि उरलेले चालकाला देते. सुरुवातीच्या वर्षांत कंपन्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे ओतले. प्रवाशाला सवलत आणि चालकाला दिवसाच्या फेऱ्यांवर बक्षीस. त्या बक्षिसाच्या जोरावर खेड्यापाड्यांतून पोरं मुंबई-पुण्याला गेली, कर्ज काढून गाड्या घेतल्या. मग बक्षीस आटलं आणि हप्ता तेवढाच राहिला. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईतल्या ॲपच्या चालकांनी मोठा संप केला, तो यावरच.

सरकारं उशिरा का होईना हलली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये ॲपच्या टॅक्सींसाठी नियम काढले, त्यांना न्यायालयात आव्हान दिलं गेलं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातच दुरुस्ती झाली आणि गाठ घालून देणाऱ्या कंपनीलाही राज्याचा परवाना लागेल असं ठरलं. २०२० च्या नोव्हेंबरात केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. तरी परवान्याचं घोंगडं भिजतच होतं. त्याला मुंबईत धक्का दिला एका महिला वकिलाने. ॲपवर धड तक्रार करायची सोय नाही, म्हणून त्या उच्च न्यायालयात गेल्या. त्या प्रकरणात मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने कंपन्यांना सांगितलं की परवान्यासाठी अर्ज करा, विनापरवाना धंदा चालणार नाही. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं, ते असो. पण तक्रार करायची तर कुठे करायची, या एका साध्या प्रश्नावरून केवढी गाडी हलली बघा.

मग २०२५ मध्ये महाराष्ट्राने ॲपच्या टॅक्सींचं धोरण आणलं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबई परिसरासाठी मूळ दर ठरला, किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे. गर्दीच्या वेळी कंपनी त्याच्या दीड पटीपर्यंत जाऊ शकते, म्हणजे ३४ रुपये ८ पैसे. गिऱ्हाईक नसेल तेव्हा पाव हिश्श्यापर्यंत उतरवू शकते, म्हणजे १७ रुपये ४ पैसे. आणि भाड्याचा ८० टक्के वाटा चालकाला मिळालाच पाहिजे.

हे आकडे कागदावर ऐकायला बरे वाटतात. आम्ही वही घेऊन बसलो आणि मावशींच्या मुलाचा हिशेब मांडून बघितला. खर्चाचे आकडे आम्ही समजून धरलेत, तुमच्या घरचे वेगळे असतील, पण रीत हीच.

समजा कर्ज ७ लाखांचं, पाच वर्षं, व्याज १० टक्के. हप्ता होतो महिना सुमारे १४,९०० रुपये. महिन्यातले २६ दिवस गाडी चालली तर दिवसाला ५७२ रुपये हप्त्याचे बाजूला काढावे लागतात, गाडी सुरू करायच्या आधीच. आता दिवसभरात भाड्याचे १०० किलोमीटर झाले. २२ रुपये ७२ पैशांनी २,२७२ रुपये, त्यातले ८० टक्के १,८१७. पण गाडी भाड्याचीच तेवढी धावत नाही. एका प्रवाशाला सोडून दुसऱ्याला घ्यायला रिकामी जाते. ते ५० किलोमीटर धरू. म्हणजे गॅस १५० किलोमीटरचा, किलोमीटरला ४ रुपये धरले तर ६०० रुपये. उरले १,२१७. हप्त्याचे ५७२ काढा. हातात ६४५ रुपये. यातच टायर, सर्व्हिसिंग, विमा, दंड, खोलीचं भाडं आणि दोन वेळचं जेवण.

आता समजा मंदी आहे आणि ॲपने दर खालच्या टोकाला, १७ रुपये ४ पैशांवर आणला. गाडी तेवढीच धावली. चालकाचा वाटा १,३६३. गॅसचे ६०० गेले, राहिले ७६३. हप्त्याचे ५७२ गेले, राहिले १९१.

भाडं उतरलं चार आण्यांनी आणि हातातले पैसे उतरले सुमारे अकरा आण्यांनी. गॅसवाला दर उतरवत नाही, फायनान्सवाला हप्ता उतरवत नाही. उतरतं ते फक्त पोराच्या ताटातलं. म्हणून आम्ही म्हणतो, महिन्याला किती सुटतात हा प्रश्न अर्धाच आहे. दर कोण ठरवतं आणि तो किती खाली जाऊ शकतो, हे आधी विचारा. बरं, सरकारने दर ठरवला म्हणून तो लगेच ॲपमध्ये आला असंही नाही. जाहीर झालेला दर हातात पडावा म्हणून चालकांना २०२५ मध्ये पुन्हा आंदोलन करावं लागलं.

कुणी म्हणेल, यापेक्षा काळी-पिवळीचा परवाना बरा, सरकारी कागद आहे, बुडणार नाही. इथे आम्हाला एका दूरच्या शहराची गोष्ट सांगायची आहे, कारण ती कर्जाची गोष्ट आहे. अमेरिकेतलं न्यूयॉर्क शहर. तिथल्या टॅक्सी पिवळ्या. १९३७ च्या कायद्याने तिथे टॅक्सींची संख्या बांधून टाकली. प्रत्येक टॅक्सीच्या बॉनेटवर धातूचा एक बिल्ला ठोकलेला, तोच परवाना. बिल्ले साडेतेरा हजारांच्या आसपास, वाढायचे नाहीत. जी वस्तू वाढत नाही तिची किंमत वाढते. हळूहळू बिल्ला जमिनीसारखा झाला. त्याची खरेदी-विक्री होऊ लागली, त्यावर कर्ज मिळू लागलं, जसं आपण सातबारा ठेवून काढतो. शहर स्वतः बिल्ल्यांचे लिलाव करून पैसे मिळवायचं. २०१४ च्या सुमारास एका बिल्ल्याची किंमत दहा लाख डॉलरच्या वर गेली होती. टॅक्सी चालवणारे बहुतेक बाहेरून गेलेले लोक, भारत, बांगलादेश, पाकिस्तान, हैती इथले. म्हातारपणाची सोय म्हणून त्यांनी डोईजड कर्जं काढून बिल्ले घेतले.

मग ॲप आलं. त्याच्या गाड्यांना बिल्ला लागत नव्हता आणि संख्येचं बंधनही नव्हतं. शहराने एका हाताने बिल्ले विकले आणि दुसऱ्या हाताने दार सताड उघडं ठेवलं, असंच म्हणावं लागेल. बिल्ल्याची किंमत कोसळली, दोन लाख डॉलरच्याही खाली आली. कर्ज मात्र जुन्या किमतीचं. २०१८ मध्ये त्या शहरात एकामागून एक चालकांनी आत्महत्या केल्या. हे ऐकताना आपल्याला दुसरं काही आठवलं तर ते साहजिक आहे. आपल्याकडच्या किती घरांनी हे सोसलंय.

त्यानंतर शहर जागं झालं. २०१८ मध्येच ॲपच्या नव्या गाड्यांवर मर्यादा आली आणि चालकाला ताशी किमान किती मिळालं पाहिजे तेही ठरलं. पण जुन्या कर्जाचं काय? तिथे टॅक्सीचालकांची संघटना आहे, तिचं नेतृत्व करणारी बाई गुजरातेत जन्मलेली, भैरवी देसाई. त्या स्वतः टॅक्सी चालवत नाहीत. १९९८ मध्ये संघटना उभी करण्यात त्या होत्या आणि आजवर तीच चालवत आल्या आहेत. २०२१ मध्ये चालक महापालिकेसमोर दिवसरात्र बसून राहिले, शेवटी १५ दिवस उपोषण केलं. तडजोड झाली ती अशी, की मोठा सावकार कर्ज कमी करून १ लाख ७० हजार डॉलरवर आणेल, हप्ता महिन्याला १,१२२ डॉलरच्या वर जाणार नाही, आणि त्या कर्जाला जामीन राहील खुद्द शहर. ज्याने बिल्ला विकला त्यालाच जामीन राहायला लावलं. आम्हाला ही गोष्ट फार आवडते.

इंग्लंडमधलीही एक हकिगत इथे सांगायलाच हवी, ती थोडक्यात. तिथे चालक न्यायालयात गेले की आम्ही कंपनीचे कामगार आहोत. कंपनीचं म्हणणं तेच, आम्ही फक्त गाठ घालून देतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला चालकांच्या बाजूने, आणि न्यायाधीशांनी पहिली गोष्ट कुठली पाहिली असेल? भाडं कोण ठरवतं. ते कंपनी ठरवते, करार कंपनी लिहिते, फेरी नाकारली तर त्रास कंपनी देते. म्हणजे हे लोक स्वतःच्या धंद्याचे मालक कसले? त्यांना किमान वेतन आणि पगारी रजा मिळाली. आपल्या बैठकीत सुटलेला प्रश्न त्या न्यायाधीशांनी आधी विचारला.

आपल्याकडे चालक कामगार धरला जात नाही. सामाजिक सुरक्षा संहितेत मात्र त्याची स्वतंत्र नोंद आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के वाटा अशा लोकांच्या सुरक्षा निधीत टाकायचा आहे. त्याचा लाभ घ्यायचा तर ई-श्रम पोर्टलवर नाव हवं. तुमचा मुलगा, भाऊ, नवरा ॲपवर गाडी चालवत असेल तर आज फोन करून एवढं विचाराच. आणखी एक वाट सहकाराची आहे. अमूल, इफ्को अशा संस्थांनी मिळून २०२५ मध्ये टॅक्सीचालकांची सहकारी संस्था उभी केली आहे, भारत टॅक्सी ही तिचीच सेवा. ती किती चालते ते बघायचं. दुधाचा सहकार पाहिलेल्या आपल्याला त्यातलं बरंही माहीत आहे आणि वाईटही.

आता सहीचं. सहकर्जदार म्हणजे साक्षीदार नाही. कर्ज जेवढं मुलाचं तेवढंच तुमचं. जामीनदाराचंही तसंच आहे. १८७२ च्या करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरली आहे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. आधी त्याच्याकडे जा मग माझ्याकडे या, असं म्हणता येत नाही. हप्ते थकले तर गाडी ओढून नेतात, लिलाव करतात, आणि लिलावात आलेले पैसे कमी पडले तर उरलेली रक्कम तुमच्या नावावर राहते. गाडी जाते आणि कर्ज राहतं. हे एजंट सांगत नाही.

मावशींना आम्ही नाही म्हटलेलं नाही. मुलगा कष्टाळू आहे, दुसऱ्याच्या गाडीवर त्याने तीन वर्षं काढली आहेत. फक्त गटाने त्याला निरोप धाडला, की दुसऱ्या कुणाची कमाई सांगू नकोस. तुझ्याच फोनमधला पावसाळ्यातला एक महिना आणि उन्हाळ्यातला एक महिना आण. भाडं किती, कापलं किती, रिकामी गाडी किती फिरली, गॅस किती लागला. येत्या बैठकीला तो स्वतः येतोय, वही-पेन आम्ही तयार ठेवलंय. कागदांची गुंडाळी सध्या मावशींच्या पिशवीतच आहे.